फक्कीचं घर

चपला बाहेर काढून मगच ते रेषेच्या आत पाऊल टाकायचे.

रेषा म्हणजे फक्कीची रेषा. पाया खणायच्या आधी रिकाम्या प्लॉटवर चुन्याची पूड टाकून घराची आखणी करतात, ती तुम्हीही कुठं ना कुठं पाहिली असेल. भिंत नाही, दार नाही, डोक्यावर ऊन आणि पायाखाली काळी माती. आणि हे पन्नाशीतले आर्किटेक्ट, जिथं दार येणार तिथं थांबायचे, चपला काढून जोडीनं बाजूला ठेवायचे आणि रेषेत सोडलेल्या फटीतून आत जायचे. मग मागं वळून घरमालकाला म्हणायचे, "या आत. चालून बघा."

घरमालक ओशाळायचा. रस्त्यानं जाणारे दुचाकीवाले थांबून बघायचे. मग त्याची बायको चपला काढायची, मुलं काढायची, आणि थोड्या वेळानं सगळं घरदार त्या उघड्या जागेत खोलीखोलीतून हिंडायला लागायचं. एखादी बाई वाकून खोटा खोटा गॅस पेटवायची. एखादं पोर रेषेवरून आरपार धावलं, की सर ओरडायचे, "अरे, भिंत आहे तिथं! दारातून जा."

मी त्यांच्याकडं एकोणीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. त्यांनी उभ्या केलेल्या एकाही इमारतीवर त्यांच्या नावाची पाटी नाही, मग माझ्या चार पानांवर कशाला? लातुरात सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही सरच म्हणतो.

थोडं माझंही सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी निलंग्याचा. अक्षर बरं, रेघ सरळ, एवढ्या भांडवलावर लातूरला आलो. शाईनं काढलेले माझे नकाशे बघायला दुसऱ्या ऑफिसांतले लोक यायचे. पुढं कॉम्प्युटर आला, शाई गेली, पण माझा ताठा काही गेला नाही. नकाशा एकदा काढला की तो झाला, असं मी मानायचो. आणि गाठ पडली ती अशा माणसाशी, की ज्याच्या लेखी नकाशा म्हणजे नुसती सुरुवात.

चाकूरच्या एका आडत व्यापाऱ्याचं घर होतं. फक्की टाकली, सगळे हिंडून आले, सगळ्यांना पसंत पडलं. शेवटी व्यापाऱ्याचे म्हातारे वडील काठी टेकत आले, आपल्या खोलीत जाऊन मातीवर फतकल मारून बसले आणि म्हणाले, "मला हितनं फाटक दिसंना की वो. कोण आलं, कोण गेलं, मला कसं कळावं? का मी मेलोच मनून धरलाव?"

व्यापारी चिडला. सर मात्र म्हाताऱ्याशेजारी तसेच मातीत बसले, मान वाकडी करून फाटकाकडं बघितलं आणि मला म्हणाले, "सोनटक्के, खरंच दिसत नाही हो. खोली पुढं घ्या."

"सर, चौथ्यांदा बदलतोय."

"चौथ्यांदा तर चौथ्यांदा. भिंत उठल्यावर आजोबांना काय सांगणार, नकाशा तयार होता म्हणून?"

मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. त्यांना ते कळतच नाही, असा माझा समज होता. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर गंजगोलाईतल्या दुकानातली गरम जिलबी आली, तेव्हा कळलं की कळतं.

घरं बांधणं हा त्यांचा धंदा. जीव मात्र अशा कामांत, ज्यांसाठी त्यांना कुणी बोलावलेलं नसायचं. जळकोटकडच्या एका गावच्या शाळेत ते कसल्याशा कार्यक्रमाला गेले आणि तिथल्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, एवढी एक गोष्ट ऐकून परत आले. का पीत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. पुढच्याच आठवड्यात आम्ही फक्कीचं पोतं घेऊन तिथं हजर. स्वच्छतागृहाची आखणी झाली. सर म्हणाले, "पोरींनो, चालून बघा." मुली एकमेकींच्या मागं लपून हसायला लागल्या. बऱ्याच वेळानं एक काटकुळी मुलगी पुढं आली.

"सर, दार तिकडं नका काढू."

"का गं?"

"पोरं तिकडंच खेळायलेत दिवसभर. आमी आत गेलेलं समद्यांना दिसतंय."

सरांनी मैदानाकडं बघितलं. मग पायानं दाराची रेषा पुसली आणि स्वतः फक्की घेऊन दार मागच्या बाजूला, बोरीच्या झाडाकडं काढलं. "बरं झालं बोललीस. मला कुठलं सुचायला," म्हणाले. परत येताना गाडीत ते एकदम म्हणाले, "सोनटक्के, किती दारं काढली असतील हो आपण आतापर्यंत?"

अशा कामांना त्यांच्या जोडीला एकच माणूस असायचा, इस्माईलभाई मिस्त्री. तीन पिढ्यांचं गवंडीकाम, हातात ओळंबा आणि जिभेवर धार. सरांना तोंडावर बोलणारा सबंध लातुरात तेवढा एकच. "साब, तुमी लोकांच्या संडासाला जेवढा टैम देताव, तेवढ्यात ताजमहाल झाला असता," असं म्हणायचे आणि त्याच संडासाची फरशी गुडघ्यावर बसून, ढाळ तपासत, पोटच्या लेकरासारखी घोटायचे.

आणि घर म्हटलं की सर पार वेगळे. दुपारी एकला समोर कुणीही बसलेलं असो, ते उठायचे. "घरी वाट बघतात," एवढंच म्हणायचे. घरी वहिनी आणि एकुलती लेक गौरी. आमच्या ऑफिसच्या आतल्या दाराच्या चौकटीवर गौरीची उंची मांडलेली आहे, दर वाढदिवसाला एक रेघ. नकाशात माप दाखवतात तसे रेघेला दोन्ही टोकांना बाण, बाजूला फूट आणि इंच. एका वर्षी तिची उंची काहीच वाढली नव्हती, तर तिला वाईट वाटू नये म्हणून यांनी आधीच्या रेघेवरच जरा जाड पेन्सिल फिरवली.

रविवारी तिघं स्कूटरवर निघायची. कधी औशाचा किल्ला, कधी खरोशाची लेणी, सुट्टी असली की लांब कंधारपर्यंत. गौरीला आइस्क्रीम पाहिजे असायचं आणि वडील तिला बुरूज दाखवायचे. एकदा मीही सहकुटुंब सोबत गेलो होतो. सर भिंतीवर तळहात ठेवून वहिनींना बोलवत होते, "इकडं ये, हात लाव."

"दगडच की," वहिनी म्हणाल्या.

"दगडच. पण डोळे मीट आणि सांधा कुठं आहे ते शोध."

वहिनी डोळे मिटून बोटं फिरवायच्या, आणि सांधा सापडला की लहान मुलीसारख्या हसायच्या. माझी बायको मला कोपरानं ढोसून म्हणाली, "बघा, शिका काही तरी." मी म्हटलं, मला दगड बघायला यायचं होतं, दगडाशी बोलायला नाही. आता ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

वहिनींच्या डोळ्यांचं पहिल्यांदा कळलं ते चहाच्या कपावरून. टेबलाच्या कडेला ठेवलेला कप त्यांना दिसेनासा झाला. समोरचं दिसायचं, कडेचं नाही. लातुरात दाखवलं, मग हैदराबादला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर अशीच कडेनं आत आत आवळत येणार, नळीतून बघितल्यासारखं होणार आणि एक दिवस नळीही बुजणार. उपाय नाही. किती वर्षं, तेही सांगता येत नाही.

हैदराबादहून आल्यावर सर ऑफिसात आले, खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "आपल्याला घर बांधायचंय."

"कुणाचं, सर?"

"माझं."

हे ऐकून मी चाट पडलो. इतकी वर्षं हा माणूस दुसऱ्यांची घरं बांधत भाड्याच्या घरात राहत होता. औसा रोडच्या पलीकडं एक प्लॉट घेऊन ठेवलेला, त्यावर गाजरगवत माजलेलं. सरांचा हिशोब साधा होता. वहिनींना दिसतंय तोवर घर उभं राहायला पाहिजे. "एकदा डोळ्यांनी बघितलेलं असलं, की पुढं तिचे हातपाय सांभाळून घेतील. न बघितलेल्या घरात माणूस कसा राहणार, सोनटक्के?"

तेव्हापासून त्यांच्या भाड्याच्या घरातली एकही वस्तू जागची हलत नसे. मी एकदा कागदांवर सही घ्यायला गेलो आणि बसायला म्हणून स्टूल जरासं ओढलं. सरांनी सह्या केल्या, मी उठलो, तसं त्यांनी बोलता बोलता ते स्टूल पायानं सरकवून फरशीच्या सांध्याला बरोबर भिडवलं. मला मात्र कुणी कानफटात मारल्यासारखं झालं.

दसऱ्याला सकाळी प्लॉटवर पहिली फक्की पडली. सर, वहिनी, गौरी, इस्माईलभाई आणि मी. वहिनींनी दाराशी चपला काढल्या आणि आत गेल्या. सर हॉलच्या मधोमध उभे राहिले. तिथून त्यांना सगळी दारं दिसत होती. "चाल," ते म्हणाले. "मी इथं आहे."

वहिनी आधी बघत चालल्या, मग सरांनी त्यांना डोळे मिटायला लावले. झोपायच्या खोलीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून मागचं दार. त्या जिथं अडखळायच्या तिथं सर रेषा बदलायचे. उंबरा काढून टाकला. स्वयंपाकघराचं दार हातभर अलीकडं आणलं. दर वेळी हॉलमधून जाताना वहिनींना सरांना वळसा घालावा लागायचा, तशा त्या त्यांच्या शर्टाला बोटं लावून पुढं जायच्या.

शेवटी इस्माईलभाईंना राहवेना. "साब, तुमी हटा की मदनं. भाबीला वळसा पडायलाय."

"राहू द्या हो," सर म्हणाले. "घरात मी असणारच की."

सगळे हसलो. वहिनीही हसल्या.

मुहूर्त ठरला होता. पण त्याच आठवड्यात जळकोटकडच्या त्या शाळेचं काम उभं राहिलं, आणि इस्माईलभाईंची माणसं एका वेळी एकच काम करू शकत होती. सर घुटमळले. वहिनीच म्हणाल्या, "आधी पोरींचं करा. आपलं घर कुठं पळून चाललंय?" पुढच्या दसऱ्याला पुन्हा फक्की पडली, वहिनी पुन्हा चालल्या, तोवर त्यांची नजर आणखी आवळली होती म्हणून रेषा पुन्हा बदलल्या. आणि तेव्हाच सरकारी दवाखान्याच्या आवारातला निवारा निघाला. खेड्यापाड्यांतून आलेले पेशंटचे नातेवाईक उन्हात जमिनीवर बसायचे, ते सरांना बघवेना. तिथंही फक्की, तिथंही "बसून बघा." बाकाची उंची बायकांचे पाय जमिनीला टेकतील एवढी, पिशव्या अडकवायला भिंतीत खुंट्या, एका बाकावर एक माणूस आडवा होईल एवढी रुंदी. त्या निवाऱ्यात दोन वर्षं गेली.

असे चार दसरे झाले. मी सरांना एकदा स्पष्टच विचारलं, "सर, वहिनींचं काय?" ते पेन्सिल कानामागं खोचत म्हणाले, "होईल, होईल." पण त्यांचा आवाज पडला होता. मला आजही वाटतं, उशीर होतोय हे त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. दारात आलेल्याला नाही म्हणणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. घरच्यांनाच काय ते थांबायला सांगता येतं, असं ते धरून चालले, हीच त्यांची चूक, आणि वहिनींनी ती कधी चूक मानली नाही.

चौथ्या दसऱ्याला वहिनींना फक्त उजेड आणि अंधार कळत होता. त्यांनी घर बघायचं राहूनच गेलं. त्या दिवशी त्या डोळे न मिटताच चालल्या, कारण मिटायची गरज उरली नव्हती. एकदाही अडखळल्या नाहीत. सर मधोमध उभे होते. त्यांच्याकडं बघितलं, तर ते रुमालानं चष्मा पुसत होते.

त्यानंतर एका शुक्रवारी त्यांनी मला विचारलं, "सोनटक्के, रविवारी प्लॉटवर येता का? आता तिच्या पायात बसलंय घर. मोजून कागदावर घेऊ."

आता इथं मला खरं लिहायला पाहिजे. त्यांच्या घराचा नकाशा कागदावर कधीच उतरला नव्हता. सगळ्या लातूरचे नकाशे माझ्या कपाटात, त्यांचा तेवढा नाही. "पायात बसू द्या, मग कागदावर घेऊ," असं ते चार वर्षं म्हणत होते. आणि ज्या शुक्रवारी ते बसलं, त्या शुक्रवारी मी फुगून बसलो होतो, कारण सकाळीच त्यांनी माझा एक पूर्ण झालेला नकाशा बदलायला लावला होता. मी म्हणालो, "सर, रविवारी उदगीरला मेहुण्याकडं जेवण आहे. पुढच्या रविवारी येतो." जेवण होतं, ते खोटं नव्हतं. पण न जाता चाललं असतं.

"बरं, पुढच्या रविवारी," सर म्हणाले.

मंगळवारी सकाळी इस्माईलभाईंचा फोन आला. "सोनटक्केसाब, दवाखान्यात या. आपल्या निवाऱ्यात. सर बसलेत तसेच हायत."

दर मंगळवारी ते निवाऱ्यात जाऊन थोडा वेळ बसायचे. बाक हलतंय का, पाणी साचतंय का, लोक कसे बसतात, हे बघायची त्यांची सवय होती. त्या दिवशी बसले आणि उठलेच नाहीत. शेजारी बसलेल्या बाईला वाटलं, कुणाचा तरी नातेवाईक असेल, जागरणानं डोळा लागला असेल. तिनं स्वतःची पिशवी जरा सरकवून त्यांना टेकायला जागा करून दिली होती. मी पोचलो तेव्हा ती बाई उभी राहून रडत होती. त्यांची तिची ना ओळख ना पाळख. सरांचे पाय जमिनीला बरोबर टेकलेले होते.

त्यांच्या समाजात माणसाला बसवूनच माती देतात. खड्डा तयार होता. इस्माईलभाई काठावर उभे राहून कितीतरी वेळ खाली बघत होते. मग "कोपरा काटकोनात न्हाई," एवढंच म्हणाले, कुणाला काही न विचारता खाली उतरले आणि कुदळ मागून घेऊन कोपरा तासला. समाजातले मोठे लोक उभे होते, कुणी अडवलं नाही. वहिनींना गौरीनं हाताला धरून आणलं होतं. वहिनींनी विचारलं, "इस्माईलभाई, ऐसपैस आहे ना जागा?"

"हाव भाबी," इस्माईलभाई खालूनच म्हणाले. "मी बसून बघितलं."

पुढचे काही महिने मी ऑफिस आवरत होतो. सरांच्या घराचे पेन्सिलचे सात कागद सापडले. सातांवरही त्यांनीच आडवी रेघ मारलेली. आठवा नव्हता. तो मी रविवारी काढायचा होता.

गौरी पुण्यात नोकरीला. आईला पुण्याला न्यायचं आणि प्लॉट विकायचा, असं तिनं ठरवलं. तिचंही चुकत नव्हतं. नकाशाच नाही म्हटल्यावर बांधायचं तरी काय? गिऱ्हाईकही आलं होतं. वहिनी फक्त म्हणाल्या, "एकदा जाऊन येऊ."

म्हणून आम्ही एका सकाळी प्लॉटवर गेलो. इस्माईलभाईंनी आदल्या दिवशी गवत काढून घेतलं होतं. फक्कीचा कणही उरला नव्हता, सगळी सपाट काळी माती. पण त्यांनी बरोबर घमेलंभर फक्की आणली होती. कशाला, असं मी विचारलं नाही. माझ्याही पिशवीत टेप आणि वही होती.

वहिनींनी हद्दीचा दगड कुठं आहे ते विचारलं. त्यावर हात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या. मग अकरा पावलं मोजून थांबल्या, चपला काढल्या आणि पायानंच चाचपून जोडीनं बाजूला ठेवल्या.

"आई, काय करतीयेस?" गौरी म्हणाली.

"घरात जातीये."

त्या भिंतींच्या कडेकडेनं चालायला लागल्या आणि इस्माईलभाई त्यांच्या मागून मुठीतून फक्की सोडत निघाले. सत्तरी गाठलेला माणूस, कमरेत वाकून, त्या वळतील तिथं वळत. वहिनी बोलत होत्या, आम्हाला सांगतायत का स्वतःशीच, ते कळत नव्हतं. "हा व्हरांडा. सात पावलं. इथं उंबरा नाही, ठेच लागते म्हणून काढला. उजव्या हाताला भिंत. ही गौरीची खोली, तिला पसारा करायला मोठी ठेवलीये. हे स्वयंपाकघर. इथं पूर्वेला खिडकी, कमरेइतकी. ऊन तोंडावर आलं की मला सकाळ कळावी म्हणून." मी टेप धरून मोजत होतो आणि वहीत लिहीत होतो. अक्षर कधी नव्हे ते वाकडं येत होतं. आमच्या डोळ्यांदेखत मातीवर घर उमटत होतं.

झोपायच्या खोलीतून स्वयंपाकघरात जाताना वहिनींनी हॉलमध्ये वळसा घेतला. सरळ वाट होती, तरी घेतला. इस्माईलभाईंची फक्की मागून तशीच वळली. परत येतानाही त्यांनी तिथंच, दुसऱ्या अंगानं, वळसा घेतला आणि एक हात किंचित पुढं करून चालल्या. हॉलच्या मधोमध अडीच फुटांची एक गोल जागा सुटली. मी मोजली. वहीत काय लिहावं ते कळेना.

"वहिनी," मी विचारलं, "इथं खांब घ्यायचं ठरलं होतं का?"

"खांब कुठला?" वहिनी म्हणाल्या. "तिथं ते उभे असतात."

इस्माईलभाईंची मूठ मिटली ती मिटलीच. गौरी जिथं होती तिथं, आपल्या खोलीच्या दारात, मातीवर बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. वहिनींना तिचा आवाज आला तशा त्या दारातून, रेषा न ओलांडता, तिच्यापर्यंत गेल्या.

प्लॉट विकला नाही. त्या वहीवरून मी नकाशा काढला, एकदाच काढला, आणि तो बदलावा लागला नाही. इस्माईलभाईंनी घर उभं केलं. गौरी आता महिन्यातले पंधरा दिवस तिथूनच काम करते. एरवी सोबतीला वहिनींची बहीण असते.

परवा चहाला गेलो होतो. हॉल मोठा आहे, मधोमध काहीही नाही, साधा टीपॉयसुद्धा ठेवलेला नाही. वहिनी हातात ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून आल्या, त्या जागेपाशी आल्यावर वळसा घालून माझ्यापर्यंत आल्या. कपातला चहा हिंदकळला नाही. चहा पिऊन मी निघालो. दार समोरच होतं, सरळ दहा पावलांवर. चालायला लागलो, आणि त्या जागेपाशी आल्यावर माझेही पाय आपोआप वळले.